गप्प झालेला जोडा

या, असे जवळ सरकून बसा. लांबून ऐकायची ही गोष्ट नाही, कारण हिच्यात मोठ्याने असं काही घडतच नाही. जे घडतं ते एका बाईच्या कानात घडतं. आणि कान मोठा हट्टी अवयव. डोळे निदान मिटता तरी येतात. एका आवाजाची गोष्ट सांगतो, आणि तो आवाज जिथे थांबला तिथून पुढची. देवाने माणसाच्या छातीत जे मांडून ठेवलंय ते गाऊन सांगायचं म्हटलं तर चांगल्या गळ्याचे लोकही दमतील, मी आपला बोलून सांगतो. हां, पुढे या अजून. ऐका.

त्या सकाळी ती डॉक्टरीणबाई हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये शिरली तेव्हा तिच्यामागून एक गृहस्थ आत आला. पायात नवे कोरे चामड्याचे जोडे. दोनचारच पावलं टाकली असतील, पण पावलागणिक करकर, करकर. दार मिटलं, गृहस्थ तिच्या पाठीमागे स्थिर उभा राहिला आणि करकर थांबली. बस, झालं ते एवढंच. लिफ्ट वर निघाली, कुणीतरी खोकलं, कुणाच्या पिशवीत कागद चुरचुरला, आणि तिच्या मानेवर मागून कुणी गार हात ठेवावा तसं झालं. मागे माणूस आहे आणि वाजत नाहीये. ती गर्रकन वळली. त्याच्या तोंडाकडे, मग मानेकडे, मग बोटांच्या नखांकडे पाहत राहिली. "काय झालं हो?" तो बिचारा गांगरून म्हणाला. "काही नाही. जोडे नवे का?" "हो ना. चावतात मेले." बाजूच्या नर्सने हसू दाबत दाराकडे तोंड फिरवलं. हृदयाच्या वॉर्डात या डॉक्टरीणबाईंचं नाव चाहूलबाई पडलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि बाईंनाही माहीत होतं. मजला आला. तो गृहस्थ करकरत निघून गेला, आणि ती लिफ्टबाहेर, हात धुवायच्या नळापाशी, नळ न सोडता उभी राहिली. तो आवाज कॉरिडॉरच्या टोकाला वळून नाहीसा होईपर्यंत तिला तिथून हलता येईना. नाहीसा झाला तो वळल्यामुळे, थांबल्यामुळे नाही, हे तिने स्वतःला दोनदा बजावलं.

हृदयाला देवाने एक दुपदरी पिशवी दिली आहे, पातळ, ओलसर, दोन पदरांच्या मध्ये चमचाभर पाणी, म्हणजे जन्मभर हलणाऱ्या त्या गोळ्याला कुठे घासायला नको. कधी साध्या सर्दीतापातून उठलेल्या माणसाला, कधी जंतूंमुळे, कधी काही कारण सापडतच नाही, पण त्या पिशवीला सूज येते. पदर खरखरीत होतात आणि एकमेकांवर घासू लागतात. मग छातीवर नळी ठेवून ऐकलं की ठोक्यांच्या आतबाहेर तिसराच आवाज येतो. बाकीचे डॉक्टर 'घर्षणाचा आवाज आहे' असं लिहून पुढच्या खाटेकडे जातात. तिला मात्र दरवेळी दिसतं ते एक अरुंद दुकान, छतापर्यंत रचलेले पुठ्ठ्याचे खोके, आणि बुटक्या स्टुलावर बसून कुणाच्या तरी पायाशी वाकलेली एक पाठ. वडील. जोड्यांच्या दुकानात विक्रेते होते. दिवसभर लोकांच्या पायाशी बसायचे, पट्टीने टाच आत सरकवायचे, अंगठ्याने पुढचं टोक दाबून म्हणायचे, "जरा चालून दाखवा." गिऱ्हाईक चालायचं, जोडा करकरायचा, गिऱ्हाईकाचं तोंड वाकडं व्हायचं, आणि वडील हसून म्हणायचे, "बोलू द्या त्याला. नवा आहे, तक्रार करणारच. थोडे दिवस बोलेल, मग गप्प होईल. गप्प झाला की समजा, बसला पायाला." हे वाक्य तिने शाळेतून येऊन दुकानाच्या कोपऱ्यात खोक्यांवर बसून इतक्यांदा ऐकलं होतं की पाढ्यासारखं पाठ झालं होतं. गप्प झाला की समजा, बसला.

खिडकीजवळच्या खाटेवर बसड्रायव्हर होता. शहरातली बस चालवणारा, आडव्या अंगाचा, बोलका. चांगला ताप आणि सर्दी अंगावर काढली होती त्याने, आणि त्यानंतर छातीत टोचायला लागलं. श्वास घेतला की टोचे, आडवं झालं की टोचे. आणला तेव्हा सगळे हार्ट अटॅक म्हणून धावले होते. तिने त्याला एकच विचारलं होतं, "कसं बसलं की बरं वाटतं?" आणि तो म्हणाला होता, "स्टिअरिंगवर. खरं सांगतो मॅडम, सिग्नलला गाडी थांबली की मी स्टिअरिंगवर छाती टाकून पडायचो. काय आराम वाटायचा! मागून एक म्हातारी ओरडली, अरे बाबा, झोपू नकोस, मला अजून उतरायचंय!" बायकोने डोक्याला हात लावला होता, "सांगा आता. आणि मला घरी येऊन म्हणतात, ॲसिडिटी आहे." हसता हसता तिने त्याला पुढे वाकवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं, आणि छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला नळी टेकवली. करकर. करकर. आत कुणीतरी नवे जोडे घालून येरझाऱ्या घालत होतं. हृदयाचा आलेख काढला तर तो एका कोपऱ्यात नाही, सगळीकडे सारखाच उचललेला; निदान पक्कं झालं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या भरपूर डोसात, जोडीला सांध्यांच्या दुखण्यावरची एक जुनीपुराणी गोळी, आणि सक्तीची विश्रांती. "बस चालवायची नाही म्हणता, पण बसायचं तरी ना?" तो म्हणाला होता. सकाळ-संध्याकाळ ती त्याची करकर ऐकून जायची आणि ती ऐकू आली की तिचा जीव भांड्यात पडायचा. नर्सेसना ह्याचीच गंमत वाटे. बाकीच्या डॉक्टरांना आवाज गेला की आनंद होतो, आणि ह्या बाई आवाज आहे म्हणून खूश.

पुढे वाकलं की बरं वाटतं. हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर. पण कोण विचारणार, आणि वडिलांना तरी काय ठाऊक. दिवसभर ते लोकांच्या पायाशी वाकलेलेच असत, त्यामुळे दुकानात त्यांना दुखतच नसे. दुखायचं ते घरी, पाठ टेकली की. आई वैतागायची, वैतागातही तिच्या भीती असायची हे ठकूला, म्हणजे हिला, कळायला फार वर्षं गेली. "बरं आहे की हो तुमचं दुखणं! दुकानात मालकासमोर गप्प, घरी मी दिसले की सुरू." वडील म्हणत, "तू दिसलीस की हृदय हलतं, काय करू," आणि उशीला पोटाशी धरून पुढे वाकून बसत. संध्याकाळी ते तिला घेऊन प्रार्थनेच्या सभागृहात जायचे. तिथे एक वयस्क गृहस्थ गाऊन प्रवचन सांगत. बोलता बोलता गाणं, गाता गाता बोलणं, मधेच एक विनोद, आणि हसणारे लोक हसता हसताच डोळे पुसायचे. दुखणं सुरू झालं त्या आठवड्यात वडील पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात आणि हातांवर कपाळ टेकवून बसले होते, हलकेच डुलत. मागच्या बाई कुजबुजल्या, "किती तल्लीन झालेत बघा." ठकूला अभिमान वाटला होता. ते दुखणं होतं, तल्लीनता नव्हती. की दोन्ही होतं? नळापाशी उभं असताना, वॉर्डात जाताना, जिन्यात, तिला अजून ठरवता आलेलं नाही. देवाचं नाव घेताना माणूस वाकतो तेव्हा त्यात किती भक्ती आणि किती कळ हे कुणी मोजावं. घरी आल्यावर तिने त्यांच्या छातीला कान लावला, लाडात येऊन, नेहमीसारखा, आणि दचकून वर पाहिलं. "बाबा, तुमच्या आत जोडा वाजतोय." वडिलांनी डोळे विस्फारले, "अगं, मग नवा दिसतोय! बोलू दे त्याला." मग तो खेळच झाला. रोज कान लावायचा. रोज बातमी द्यायची, आई, आज पण बोलतोय.

ती वॉर्डात पोचली तेव्हा खाटेवर बसड्रायव्हर उशीला टेकून आरामात पडला होता. टेकून. वाकून नाही. दाढी झाली होती, गळ्याभोवती बायकोने टॉवेल गुंडाळला होता. पिशवी भरलेली, चपला खाटेखालून काढून दाराकडे तोंड करून मांडलेल्या. "मॅडम, दुखणं गेलं!" तो म्हणाला. "रात्रीत गेलं. जरासा दम लागतो, बाकी मी एकदम फर्स्ट क्लास." वॉर्डचा डॉक्टर, गोल चेहऱ्याचा, कामाला चोख पण जिभेला लगाम नसलेला, फाइल पुढे करत म्हणाला, "तुमचे जोडे गेले मॅडम. मी नीट ऐकलं, पुढे वाकवून ऐकलं. साफ. प्रेशर थोडं कमी आहे, पण झोपेतून उठलेत. घरी सोडायचं ना?" तिने नळी कानात घातली.

आत कुणी नव्हतं. येरझाऱ्या थांबल्या होत्या. ठोके होते, पण शेजारच्या घरात कुणी भिंतीपलीकडे उखळात कुटावं तसे, लांबचे, दबलेले. ती ऐकत राहिली. त्या शांततेत एक घर होतं, दिवेलागणीचं, आणि आईचं तोंड होतं, आणि तिचा स्वतःचा, दात पडलेल्या तोंडातला, उड्या मारणारा आवाज: "आई! आई! गप्प झाला! बसला पायाला!" आणि वडील उशीशिवाय पाठीवर पडलेले, कपाळावर बारीक घाम, म्हणत होते, "खरंच गं, दुखायचं थांबलं. फक्त दम लागतोय थोडा." आईने त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावून किती वेळ हात जोडले होते. सगळे लवकर, सुखाने झोपले. सकाळी दुकानाचा मालक बोलवायला आला तेव्हा जोड्यांबरोबर सगळंच गप्प झालेलं होतं. पुढे मोठ्या पुस्तकांतून तिला कळलं की आवाज दोन कारणांनी जातो. सूज उतरली तरी जातो, आणि त्या पिशवीत पाणी भरलं, इतकं की दोन्ही पदर एकमेकांपासून लांब गेले, तरी जातो. घासायला काही उरत नाही, म्हणून दुखतही नाही. आणि मग ते पाणी बाहेरून हृदयाला मुठीत धरून आवळायला लागतं. ते पान वाचलं त्या दिवशी ती ग्रंथालयातून उठून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली होती, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी मुलीने तिला काही न विचारता पाण्याची बाटली दिली होती.

पण बहुतेक वेळा सूजच उतरलेली असते. हेही खरं होतं, आणि आज तेच जास्त छळत होतं. मागे शाळेच्या एका बाईंच्या वेळी तिने असंच सगळ्यांना पळवलं होतं, यंत्र मागवलं होतं, आणि पडद्यावर चांगलं धडधाकट हृदय दिसलं होतं. त्याआधी एक सुतार, तोही असाच. तेव्हा वॉर्डाच्या मोठ्या साहेबांनी, त्यांनी कधी आवाज चढवला नाही, तिला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "बाई, प्रत्येक शांतता वाईट नसते." वाक्य किती चांगलं होतं. ते ऐकल्यापासून तिला स्वतःचा कान खरा वाटेनासा झाला होता. आता मी ऐकतेय ते ह्याच्या छातीतलं, की त्या घरातलं? सकाळी लिफ्टमध्ये तो गृहस्थ भेटलाच नसता तर मी इथे 'छान' म्हणून सही केली असती का? आणि वॉर्डचा डॉक्टर थांबला आहे, त्याच्या तोंडावर शिस्तीतलं हसू आहे, आणि बायकोने पिशवीचे बंद हातात धरलेत, आणि हा माणूस घरी जाऊन लवकर, सुखाने झोपेल. ती मनात म्हणाली, देवा, माझ्या कानावर जाऊ नकोस, तो जुना झालाय. मला बोटं दे.

तिने त्याच्या गळ्याचा टॉवेल काढला. "थंडी वाजेल हो त्यांना," बायको म्हणाली. टॉवेलखाली मानेची शीर जबड्यापर्यंत फुगून वर आलेली होती, दोरीसारखी. तिने त्याचं मनगट धरलं. "हळू, मोठा श्वास घ्या." श्वास आत गेला आणि नाडी बोटाखालून निघून गेली, कुणी दार लोटून आत जावं तशी. "सोडा." परत आली. पुन्हा. गेली. आली. तिने वॉर्डच्या डॉक्टरचा हात ओढून त्याच मनगटावर ठेवला. "तू बघ. मला सांगू नकोस मी काय म्हणतेय ते. तुझ्या बोटाला काय कळतं ते सांग." त्याने डोळे मिटले. श्वास आत. त्याच्या गोल चेहऱ्यावरचं हसू उतरायला एक श्वास पुरला. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "जातेय."

निरोप जाताच यंत्रवाला सोनोग्राफीची ढकलगाडी ढकलत आला. "पुन्हा चाहूल का?" एवढं म्हणून त्याने थंडगार जेली लावली, यंत्राचा दांडा छातीला टेकवला, आणि पुढचं वाक्य गिळलं. पडद्यावर हृदय दिसत होतं, पण चोहोबाजूंनी काळ्या पाण्याचा रुंद पट्टा आणि त्यात ते लटपटत होतं, इकडून तिकडे, भरून यायला जागाच नसलेलं. पातळ भिंतीचा उजवा कप्पा ठोक्यागणिक आत चेपत होता. यंत्रवाल्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. पाणी तेवढंच होतं. "सुई लागेल," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज इतका साधा आल्याचं तिला नवल वाटलं.

बायको मात्र उसळली. "काल दुखत होतं तेव्हा गोळ्या, आणि आज दुखत नाही तर छातीत सुई? हा कुठला न्याय, बाई? मी पिशवी भरलीये!" तिला काय सांगावं? शब्द पुस्तकातले होते, ते तिने बाजूला ठेवले. "वहिनी," ती म्हणाली, आणि हा शब्द तिने वॉर्डात कधी वापरला नव्हता, "दुखणं गेलेलं नाही. ते बुडालंय. हृदयाभोवती पाणी भरलंय आणि ते पाणी हृदयाला आवळतंय. आत्ता ते काढलं नाही तर घरी जाऊन हे सुखाने झोपतील." बायको तिच्या तोंडाकडे बघत राहिली. काय दिसलं तिला कुणास ठाऊक, तिने पिशवीचे बंद सोडून दिले. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "ऐका ह्यांचं." नवरा म्हणाला, "मी कधी नाही ऐकलंय कुणाचं? मी ड्रायव्हर आहे, बेल वाजली की थांबतो." पण त्याचे ओठ राखेच्या रंगाचे होत चालले होते.

छातीच्या हाडाखालची जागा तिने बधिर केली. सुई डाव्या खांद्याच्या रोखाने, हळू, पडद्यावर नजर ठेवून. यंत्रवाला श्वास धरून दांडा स्थिर ठेवत होता. तिच्या हातात सुई होती आणि कानात कुणीतरी गात होतं, त्या सभागृहातलं, शब्द विसरलेले, नुसती चाल. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकून कुणीतरी डुलत होतं. आणखी थोडं, ती त्याला म्हणाली, आणखी थोडं वाकून बसा बाबा, मी आलेच. मग बोटाला एकदम सैल झालं आणि नळीत कोऱ्या चहासारखं पिवळसर लालसर पाणी चढलं. बशी भरली, दुसरी आणली. पू नव्हता, तरी बाटल्या भरून प्रयोगशाळेत पाठवल्या, जंतू निघाले तर औषध वेगळं द्यावं लागेल. प्रेशर वर येऊ लागलं. नर्स आकडे सांगत होती आणि दर आकड्याला तिचा स्वर चढत होता, जणू लिलाव चाललाय. वॉर्डचा डॉक्टर मनगट धरून बसला होता. "राहतेय," तो म्हणाला. "मॅडम, श्वासाला राहतेय." तरी त्याने ते मनगट सोडलं नाही.

पाणी निघालं, पातळ नळी आत ठेवून पट्टी बांधली. ओठांना रंग आला. सगळं झाल्यावर, खरं तर गरज नसताना, पडद्यावर सगळं दिसत असताना, तिने नळी कानात घातली आणि छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला टेकवली. आधी नुसते ठोके, जवळचे, भिंतीच्या अलीकडचे. मग, लांबून, कुणी जिना चढून यावं तशी. करकर. ती हलली नाही. करकर, करकर. दोन्ही पदर पुन्हा एकमेकांना भेटले होते. सूज होती, अजून बरेच दिवस गोळ्या होत्या, पुन्हा पाणी भरायची भीती होती, सगळं होतं. पण आत कुणीतरी चालत होतं. "आई गं," बसड्रायव्हर कण्हला, "पुन्हा टोचायला लागलं की!" आणि बायको दारातून धावत आली, "अहो, ते दुखतंय म्हणतायत, आणि तुम्ही हसताय?" ती हसत होती का? गालांवरून काही ओघळत होतं आणि कानातली नळी तिला काढवत नव्हती. "बोलू द्या त्याला," ती म्हणाली. "वहिनी, बोलू द्या."

त्या दिवशी घरी जाताना ती लिफ्टने उतरली नाही, जिन्याने उतरली, आणि प्रत्येक मजल्याला तिच्यामागे कुणाची तरी पावलं होती. वळून पाहिलं तर कुणी नसे. पूर्वी ती असं झालं की भराभर उतरायची. आज हळू उतरली, मागच्याला दम लागू नये इतकी हळू.

झाली गोष्ट. आता एवढं करा माझ्यासाठी. लोकांच्या पायाशी बसून, पाठ वाकवून ज्यांनी आपलं दुखणं कुणाला कळू दिलं नाही, कारण ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं, त्या जोडेवाल्या गृहस्थांची आठवण ठेवा. रस्त्यात कुणाच्या नव्या जोड्याची करकर कानावर आली की त्यांची आठवण काढा. आणि चालता चालता ती करकर थांबली, तर तेवढं एकदा मागे वळून बघा.